खिशातील घडीचा चाकू

श्रोतेहो, आपल्या भाषेत 'कलम' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. कलम म्हणजे लेखणी, आणि कलम म्हणजे एका झाडावर बांधून वाढविलेली दुसऱ्या झाडाची डहाळी. वरवर पाहता या दोन वस्तूंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु बोरूची लेखणी असो की आंब्याचे भेटकलम असो, दोहोंचा आरंभ तिरप्या, स्वच्छ आणि धारदार छेदानेच होतो. लेखणी तासण्याच्या चाकूला फारसीत कलमतराश म्हणत; इंग्रजीतील 'पेननाइफ' हा शब्दही पिसाची लेखणी तासणाऱ्या चाकूवरूनच आला आहे. म्हणजे विद्या आणि शेती या दोन्ही व्यवसायांच्या उंबरठ्यावर एक लहानसे पाते उभे होते. त्याच पात्याविषयी, म्हणजे साधारण माणसाला परवडणाऱ्या, मिटून खिशात ठेवता येणाऱ्या चाकूविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. तो कसा बनतो, कोणाकोणाच्या गरजेतून निरनिराळ्या देशांत घडला, त्याचा संग्रह कसा करावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कसा वापरावा.

प्रथम त्याची रचना पाहू. घडीच्या चाकूचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला सर्वांत साधा. पाते, मूठ आणि दोहोंना जोडणारा खिळा एवढेच त्याचे भाग. पाते केवळ खिळ्याच्या घट्टपणामुळे जागेवर राहते आणि वापरणाऱ्याच्या बोटांनी आवरले जाते. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या पाठीशी पोलादाची एक लवचीक पट्टी बसविलेली असते. पात्याच्या बुंध्याला सपाट कडा असतात. पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले की ही पट्टी त्या कडेवर दाब देऊन त्याला स्थिर करते. मधल्या स्थितीत ती उचलली जाते, आणि शेवटी 'टक्' असा आवाज होऊन पाते जागी बसते. येथे अडसर नाही. जोर केला तर पाते मिटते. तिसऱ्या प्रकारात मात्र खराखुरा अडसर असतो, आणि तो हाताने दूर केल्यावाचून पाते मिटत नाही. हे तीन प्रकार ध्यानात ठेवले म्हणजे जगातील बहुतेक सारे चाकू ओळखता येतात.

आता स्वस्त आणि उत्तम या दोन गुणांचा मेळ कसा बसतो, याचे एक नामांकित उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या आग्नेय भागात, आल्प्स पर्वताच्या कुशीत सावोय नावाचा डोंगरी प्रांत आहे. तेथील जोसेफ ओपिनेल या अवजारे घडविणाऱ्या लोहाराच्या मुलाने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आपल्या मित्रांसाठी एक चाकू तयार केला. बीच या झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, तीत कापलेली खाच, एक पाते, एक खिळा आणि लाकूड फाटू नये म्हणून वर बसविलेले धातूचे कडे, असे अवघे चार भाग! १८९७ साली त्याने १ ते १२ अशा क्रमांकांनी लहानमोठी मापे ठरविली. पुढे १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल याने या कड्यावर फिरणारे दुसरे कडे बसविले. ते किंचित फिरविले की उघडलेले पाते अडते. तेव्हापासून चार भागांचे पाच भाग झाले, एवढाच काय तो फरक. ८ क्रमांकाचा, सुमारे साडेआठ सेंटिमीटर पात्याचा चाकू आजही शेतकरी, गवंडी, सहलीला जाणारी माणसे आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेले आजोबा सारख्याच सहजतेने वापरतात.

या चाकूच्या पात्यावर मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात अशी खूण असते. हे चिन्ह १९०९ साली घेतले गेले. मुकुट हा सावोयच्या जुन्या सरदार घराण्याचा, आणि हात जवळच्या सें-झां-द-मोरियेन या गावाच्या मानचिन्हावरचा. त्या गावी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बोटांचे पवित्र अवशेष आहेत अशी श्रद्धा आहे, आणि हात हे त्याचेच स्मरण होय. डोंगरातल्या एका लोहारशाळेने आपल्या गावचा मान असा पात्यावर कोरला. पुढे १९८५ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने जगातील शंभर सुंदर वस्तूंत या चाकूची गणना केली. ज्या यादीत मौल्यवान मोटारी आणि घड्याळे होती, तीत लाकडी मुठीचा हा शेतकऱ्याचा चाकूही बसला. येथे सौंदर्य अलंकारातून आलेले नाही. जे जे अनावश्यक ते ते गाळल्यामुळे आले आहे.

या चाकूला एक खोड आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते खाचेत अडकून बसते. सावोयच्या लोकांनी त्यावर उपाय शोधला. मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटावे, म्हणजे पाते थोडे वर येते. कोकणात व गोव्यात असा चाकू बाळगणाऱ्याला ही युक्ती जून महिन्यापासूनच लागेल!

फ्रान्सच्या मध्यभागी तियेर नावाचे शहर आहे. द्युरोल नदीच्या वेगवान प्रवाहावर तेथे शतकानुशतके चाकूंना धार देण्याचे उद्योग चालत आले. धार देणारे कामगार फळीवर पालथे पडून फिरत्या दगडावर पाती धरीत. नदीकाठच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून त्यांच्या पायांवर कुत्रे बसविलेले असत. स्वस्त चाकूच्या किमतीत असे कष्टही मिसळलेले असतात, हे संग्राहकाने विसरू नये. याच शहरातून १९२९ साली 'डूक-डूक' नावाचा चाकू निघाला. पोलादी पत्रा दुमडून त्याची मूठ केली जाते, आणि तीवर प्रशांत महासागरातील मेलानेशिया बेटांवरच्या एका मुखवटाधारी आत्म्याचे चित्र असते. तो त्या बेटांत विकावा या हेतूने घडविला गेला. पण खरा खप झाला उत्तर आफ्रिकेत. लाकूड नाही, शिंग नाही, म्हणून किंमत कमी. पत्र्याची मूठ म्हणून जाडी कमी. गरिबाच्या खिशाला त्याहून काय हवे होते?

तियेरहून निराळ्या प्रांतात लागिओल हे गाव आहे. तेथील बाकदार चाकू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुराख्यांसाठी घडू लागला. त्याच्या पाठीवरची माशीसारखी आकृती जगभर ओळखली जाते. परंतु हे नाव दीर्घकाळ कोणा एका कारखान्याच्या मालकीचे नव्हते. त्यामुळे दूरदूरच्या देशांतही 'लागिओल' असे कोरलेले चाकू बनतात, आणि त्यांतले कित्येक हलक्या प्रतीचे असतात. नव्या संग्राहकाने येथून एकच धडा घ्यावा: नाव वाचण्यापूर्वी सांधा तपासावा.

आता आपण पूर्वेकडे जाऊ. जपानमध्ये ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव सुतारांच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. १८७६ साली तेथील सरकारने सामान्यतः तलवार बाळगण्यास बंदी केली. त्यानंतरच्या काळात, १८९० च्या दशकात, मिकीच्या लोहारांनी 'हिगोनोकामी' हा चाकू घडविला. हिगो हे एका जुन्या प्रांताचे नाव, आणि त्या शब्दाचा अर्थ 'हिगोचा स्वामी'. नाव मोठे दरबारी, पण वस्तू अगदी साधी. पितळी किंवा लोखंडी पत्र्याची दुमडलेली मूठ, एक पाते, आणि पात्याच्या बुंध्याशी बाहेर आलेला एक लहान दांडा. त्या दांड्यावर अंगठा ठेवला म्हणजे पाते उघडे राहते. पट्टी नाही, अडसर नाही. पहिल्या प्रकाराचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण. जपानमधील शाळकरी मुले याच चाकूने पेन्सिली तासत, बांबूची खेळणी करीत, फळे सोलीत.

पुढे काय झाले ते शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत एका सभेत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची एका सतरा वर्षांच्या तरुणाने भर व्यासपीठावर हत्या केली. त्याच्या हाती आखूड तलवार होती. साऱ्या देशाला धक्का बसला, आणि मुलांच्या हाती पाते देऊ नये अशी चळवळ सुरू झाली. गुन्हा तलवारीने घडला होता. पण मुलांच्या दप्तरातून गेला तो पेन्सिल तासणारा चाकू. त्यातच पेन्सिली तासण्याची यंत्रे सर्वत्र आली. एके काळी मिकीत हिगोनोकामी घडविणारे अनेक कारागीर होते. आज त्या नोंदलेल्या नावाने चाकू बनविणारा एकच कारखाना उरला आहे.

समाजाने मुलांच्या सुरक्षिततेची काळजी करू नये, असे मी खचित म्हणणार नाही. परंतु अवजार आणि शस्त्र यांतला भेद पुसला गेला की हानी कोणाची होते, ते या हकिकतीवरून दिसते. ज्याला घात करावयाचा आहे, तो पाते कोठूनही मिळवितो. आणि ज्याने चार पेन्सिली तासून हाताला वळण लावले असते, तो मात्र ते शिकण्यावाचून राहतो.

आपल्याकडेही असेच काहीसे घडले आहे. उत्तर प्रदेशातील रामपूर शहराचे नाव चाकूशी कायमचे जोडले गेले आहे. पण त्या चाकूची प्रसिद्धी लांब पात्यामुळे, खटक्यामुळे आणि चित्रपटांतील खलनायकांमुळे झाली. १९९० च्या दशकात तेथील राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी घातली आणि तो धंदा ओसरत गेला. २०२३ साली त्या शहराच्या एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा चाकू स्मारक म्हणून उभारला गेला. वस्तू वापरातून गेली की तिचे स्मारक होते, हा जगाचा न्याय येथेही दिसतो. रामपुरी चाकूच्या या ख्यातीमुळे आपल्या समाजात 'चाकू' हा शब्दच संशयाचा झाला. वस्तुतः सुपारी कातरणारा अडकित्ता, मासे चिरणारी विळी आणि खिशातला लहान चाकू हे एकाच कुटुंबातले. पण पहिल्या दोघांना घरात मान, आणि तिसऱ्याकडे मात्र तिरपी नजर!

या ठिकाणी कायद्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालील नियम लागू आहेत. पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर ती सुरी शस्त्रांच्या वर्गात मोडते. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेल्या सुऱ्या तेवढ्या यातून वगळल्या आहेत. काही ठिकाणी निर्बंध याहून कडक आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाने किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडझाप होणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर वा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंवर निर्बंध आहे. म्हणून खटक्याच्या चाकूच्या नादी लागूच नये. बाहेर न्यावयाचा तर तीन इंचांहून लहान पात्याचा, अडसर नसलेला, दोन हातांनी उघडावा लागणारा चाकू न्यावा, आणि तोही काही काम असेल तेव्हाच. विमानात प्रवाशाने तो हातातील सामानात ठेवू नये. सभा, मिरवणूक, न्यायालय, शाळा अशा ठिकाणी तो घरीच असलेला बरा. कायदा पाळणारा माणूसच अवजाराची प्रतिष्ठा राखतो.

आता संग्रहाकडे वळू. संग्रह म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर काचेचे कपाट आणि भरमसाट खर्च येतो. परवडणाऱ्या चाकूंच्या संग्रहाला दोहोंचीही गरज नाही. पाच-सहा चाकू पुरे. मात्र त्यांना एक सूत्र हवे. वर सांगितलेल्या तीन रचनांचा एकेक नमुना जमविता येईल. किंवा कामावरून निवड करता येईल: कलमे बांधणाऱ्याचा सरळ धारेचा चाकू, माळ्याचा आत वळलेला चाकू, खलाशाचा बोथट टोकाचा चाकू. खलाशाच्या चाकूला टोक नसते, कारण हेलकावणाऱ्या जहाजावर दोर कापताना ते कोणाच्या अंगात शिरू नये. स्वित्झर्लंडच्या सैनिकांचा अनेक पात्यांचा चाकूही संग्रहात शोभेल. कार्ल एल्सनर या कारागिराने १८९१ साली तेथील सैन्याला चाकू पुरविण्यास आरंभ केला, आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूचा हक्क नोंदविला. डबा उघडणे, पेच फिरविणे आणि फळ कापणे ही तिन्ही कामे करणारी ती वस्तू अवजार या शब्दाचा अर्थ एका दृष्टिक्षेपात समजावून देते.

विकत घेताना चार परीक्षा कराव्या. एक, चाकू उघडून पाते डावीउजवीकडे हलवून पाहावे. ते डुलता कामा नये. दोन, चाकू उजेडासमोर धरून मुठीचे थर आणि मागची पट्टी यांमध्ये फट दिसते का ते पाहावे. तीन, मिटलेले पाते खाचेच्या मध्यभागी बसले पाहिजे. एका अंगाला घासले तर धार लवकर जाते. चार, पाते उघडताना आणि मिटताना पट्टीचा दाब स्पष्ट जाणवावा, पण नख तुटेल इतका तो ताठ नसावा. जुन्या बाजारातून घेतलेल्या चाकूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पात्याच्या बुंध्यावर बहुधा कारखान्याची खूण असते. गंज काढण्याच्या उत्साहात ती खूण घासून टाकू नये. चकाकी पुन्हा आणता येते. पुसलेली अक्षरे आणता येत नाहीत. प्रत्येक चाकू कोठून आला, कधी घेतला आणि त्याने कोणते काम केले, ही नोंद एका वहीत ठेवावी. वीस वर्षांनी ती वही चाकूंइतकीच मोलाची वाटेल.

शेवटी वापर आणि निगा. पाते दोन प्रकारच्या पोलादाचे असते. साध्या कार्बनी पोलादाला धार चटकन आणि तीक्ष्ण येते, परंतु ते गंजते. कैरी, लिंबू किंवा कोकम कापले की त्यावर काळे डाग पडतात. न गंजणाऱ्या पोलादाला धार लावण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण ते दमट हवा सोसते. म्हणून गोवा आणि किनारपट्टीच्या श्रोत्यांनी दुसऱ्या प्रकाराची निवड करावी. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादसारख्या कोरड्या हवेच्या गावी कार्बनी पोलाद सुखाने नांदते. कोणतेही पाते काम झाल्यावर पुसून कोरडे करावे. कार्बनी पात्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे, आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओल धरते.

धार लावण्याचे गूढ वाटते तितके मोठे नाही. दगडाशी पाते सुमारे वीस अंशांनी कललेले असावे. हा कोन कसा ओळखावा? कागदाचा कोपरा म्हणजे काटकोन. तो एकदा निम्मा दुमडला की ४५ अंश, पुन्हा निम्मा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडाशेजारी ठेवली की डोळ्यांना माप मिळते. दगड ओला करावा, तोच कोन राखून पाते धारेच्या दिशेने सरकवावे, आणि दुसऱ्या बाजूस धारेवर बारीकशी खरखरीत कड लागेपर्यंत हे चालू ठेवावे. मग बाजू बदलावी. अखेर चामड्याच्या पट्ट्यावर पाते मागच्या अंगाने दहा-बारा वेळा ओढावे. धार पारखण्यासाठी बोट नव्हे, वर्तमानपत्राचा तुकडा वापरावा. तो न फाटता सरळ कापला गेला की काम झाले.

बोथट चाकू सुरक्षित असतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, जोराने ते निसटते, आणि निसटलेले पाते हातात घुसते. धारदार पाते थोड्या श्रमात, जेथे न्यावे तेथेच जाते. बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. कोयकलम करताना रोप आणि डहाळी यांचे छेद गुळगुळीत असतील तरच दोन्हींच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडतात. बोथट चाकूने ते थर चेचले, की कलम वाळून जाते.

मुलांना चाकू द्यावा का, असा प्रश्न पालक विचारतात. माझे उत्तर असे की वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, बसून, आणि नियमांसह जरूर द्यावा. पाते नेहमी शरीरापासून दूर चालवावे. दुसऱ्याला देताना मिटून द्यावे. उघडा चाकू घेऊन चालू नये. पडणारा चाकू झेलू नये. हे चार नियम शिकविण्यास एक दुपार पुरते. त्यानंतर मुलाने तासलेली पहिली पेन्सिल वाकडी निघेल, दुसरी कमी वाकडी निघेल. त्या दोन पेन्सिलींमध्ये जे घडते, त्यालाच शिक्षण म्हणतात.

मिकीच्या कारागिरांचा व्यवसाय कायद्याने बुडाला नाही. त्यांच्या चाकूचे रोजचे काम गेले, म्हणून तो बुडाला. सावोयचा चाकू आजही टिकून आहे, कारण तेथील माणूस अजून त्याने पाव कापतो. म्हणून श्रोतेहो, संग्रहातला उत्तम चाकू कोणता असे कोणी विचारले तर कपाटातल्या चकचकीत चाकूकडे बोट दाखवू नका. ज्याचे पाते धार लावून लावून थोडे झिजले आहे, ज्याच्या मुठीला हाताचा घाम लागून रंग चढला आहे, आणि जो उद्या सकाळी एखादे कलम बांधण्यास तयार आहे, तोच खरा उत्तम चाकू होय.